इंचाला तीन टाके

सरहद्दीजवळच्या बर्फाळ डोंगरांतल्या सहलीची कल्पना ताईची, गाडी ताईनं ठरवलेली, आणि गाडीत कोणी कुठं बसायचं हेही तिनंच वहीच्या पानावर आखून आणलेलं. बत्तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या बाईला निवृत्तीनंतर हुकूम सोडायला दोन भाऊ तेवढे उरले होते, आणि त्यांच्यावर ती सगळी हौस भागवून घेत होती. मधल्या सीटवर एका खिडकीशी थोरले, शिंपी म्हणून गावाचे 'मास्तर', दुसऱ्या खिडकीशी धाकटा, दोघांच्या मध्ये खाण्याची टोपली. मागे दोघांच्या बायका आणि धाकट्याची दहा वर्षांची चिमणी. पुढे ड्रायव्हरशेजारी ताई स्वतः, कारण तिथून आरशात मागचे सगळे दिसत.

"त्याला म्हणावं, काच वर कर. वारा लागतोय," मास्तर टोपलीकडे बघत म्हणाले.

"त्यांना म्हणावं, काच वरच आहे," धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"टोपली म्हणतेय, दोघंही गप्प बसा," ताई पुढून म्हणाली.

काच खरोखरच वर होती. मास्तरांना ती दिसली नव्हती. त्याचा दोष त्यांनी लागलीच ड्रायव्हरला देऊन टाकला, की इतकी लखलखीत काच पुसायचीच कशाला. मग कोटाची कॉलर वर करून ते उगाच घाट बघत बसले.

दहा महिने हे असं चाललं होतं. दोघांचं बोलणं बंद, आणि जे काही बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. तिसरं कोणी नसेल तर भिंतीला, कात्रीला, इस्त्रीला. वडिलांनी, आप्पांनी, मागं ठेवलेलं शिलाईचं दुकान म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला मास्तरांचं कटिंगचं टेबल, दुसऱ्या टोकाला एकुलत्या एका खिडकीखाली धाकट्याचं मशीन. कापायचं मास्तरांनी, शिवायचं धाकट्यानं, अशी आप्पांनीच लावून दिलेली वाटणी, आणि ती सव्वीस वर्षं बिनबोभाट चालली. गावात कोणाच्या अंगावर कोट नीट बसला की लोक न विचारता ओळखायचे, की दोघा भावांकडचा आहे.

मग ती कॉलर आली. एका बड्या गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट, अंगावर चढवून पाहण्याचा दिवस, आणि कॉलर मानेशी उभीच राहीना. मास्तरांनी चार माणसांदेखत खिशातली छोटी कात्री काढली आणि धाकट्याची शिवण भराभरा उसवून टाकली. "हात बसला नाही याचा अजून," असंही वर म्हणाले. धाकट्याच्या हाताला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. त्यानं मशीनवर कापड झाकलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी शब्दानं शब्द वाढला, आणि मास्तर तावातावानं म्हणाले, "मग घालू या मधे भिंत!" धाकटा म्हणाला, "घाला." वर मास्तरांनी मोठेपणा करून खिडकीही त्याच्याच बाजूला देऊन टाकली. आता विटा दुकानाच्या मागच्या दारी येऊन पडल्या होत्या आणि सोमवारी गवंडी येणार होता. आज शुक्रवार, आणि रविवारी सगळे घरी पोचणार होते.

यात एक गोष्ट फक्त मास्तरांना ठाऊक होती, म्हणजे तसं ते समजत होते. शिवण चुकली नव्हतीच. कापणीच पाव इंचानं चुकली होती. खडूची रेघ त्यांना दुहेरी दिसली आणि त्यांनी भलत्या रेघेवर कात्री चालवली. उसवताना, दोन टाके उसवल्या उसवल्याच, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हा थांबायला हवं होतं. पण चार माणसं बघत होती, आणि हात सुटलेला होता.

गाडीनं खिंडीच्या माथ्यावर एकदम मान टाकली. बॉनेटमधून वाफ निघाली. ड्रायव्हरनं उतरून झाकण उघडलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, की इंजिन निवायला तास-दीड तास लागेल, तोवर सगळ्यांनी निसर्ग बघावा.

निसर्ग पाच मिनिटांत बघून झाला. थंडी मात्र चांगलीच होती. रस्त्याच्या कडेला दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक बैठी इमारत होती आणि तिच्या धुराड्यातून धूर येत होता. दारावर पाटी होती: 'स्मृतिदालन. आत या. दार ओढून घ्या.'

"चला," ताई म्हणाली. "आत शेकोटी दिसतेय, आणि ज्ञानही मिळेल."

"सुट्टीत ज्ञान कशाला?" मास्तरीणबाई म्हणाल्या, पण सगळ्यांच्या आधी आत त्याच शिरल्या.

आत एकच लांब खोली. अलीकडच्या टोकाला शेगडी, बाकडी, भिंतीवर तरुण चेहऱ्यांचे फोटो ओळीनं लावलेले. पलीकडच्या टोकाला काचेची कपाटं: हेल्मेट, पाण्याची बाटली, फुटकी दुर्बीण, कोणाची तरी अर्धवट पत्रं. एक साठीचा माणूस पाठमोरा उभा राहून कपाट पुसत होता. त्यानं मान हलवून यांचं स्वागत केलं आणि पुन्हा पुसू लागला. सगळे आवाज खाली आणून हिंडू लागले. अशा ठिकाणी माणसं हात मागे बांधून चालतात आणि मनात जेवणाचा विचार करतात, तसंच यांचंही चाललं होतं.

मास्तर मात्र शेवटच्या कपाटापाशी खिळले. आत लाकडी पुतळ्यावर सैनिकाचा जाड लोकरी कोट चढवला होता. कापड उत्तम. खांदा बेताचा. आणि डाव्या बाहीला, कोपरापासून खांद्यापर्यंत, काळ्या जाड दोऱ्याचे टाके. वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड, मध्येच गाठ.

मास्तरांना दुसऱ्याच्या हातचा वाईट टाका दिसला, की तोंड आवरत नसे. लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या कोटाच्या पाठीवरचे दोष सगळ्यांदेखत वाचून काढले होते. आज तर नाक काचेला टेकवूनच त्यांनी पाहणी केली.

"हे काय आहे!" ते मोठ्यानं म्हणाले. "शिवलंय का गोणीचं तोंड बांधलंय?"

आणि मग दहा महिन्यांत झालं नव्हतं ते झालं. धाकटा शेजारी येऊन उभा राहिला आणि थेट, मध्ये टोपली न ठेवता, म्हणाला, "दोरा बघ दादा. बुटाचा दोरा आहे तो."

"आणि सुई?"

"सुई कसली, दाभण."

"टाके मोज."

धाकट्यानं बोट काचेवर ठेवून मोजले. "इंचाला तीन."

"तीन! आप्पांनी इंचाला तीन बघितले असते तर हातावर पट्टी मारली असती."

"पट्टी? मशीनखाली कोंबडा करून बसवलं असतं. मला बसवलं होतं."

"तू रडला होतास."

"तू हसला होतास."

दोघंही हसू लागले, पोट धरून. मास्तरीणबाईंनी जावेला, धाकटीला, कोपर मारलं, धाकटीनं ताईकडे पाहिलं, आणि ताईनं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना मागे सारलं, की बोलताहेत ना, बोलू देत. तिला त्या वेळी ते दोघं सबंध दालनाची टिंगल करते तरी चाललं असतं.

"कोण असेल रे हा शिंपी?" मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"मीच," मागून आवाज आला.

फडकं खांद्यावर टाकून तो राखणदार उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मिशीखाली हसूच होतं. त्यानं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, एवढंच होतं त्या हातावर. "इंचाला तीन बरोबर मोजलेत. बोटंही तेव्हा तेवढीच चालत होती. उरलेली दोन बर्फानं नंतर नेली."

मास्तरांचं हसू जिथल्या तिथं विरलं. आयुष्यात त्यांनी शेकडो लोकांचे टाके काढले होते, पण टाके घालणारा असा पाठीशी कधी निघाला नव्हता. "अहो, आम्ही... आमचा धंदाच शिलाईचा, म्हणून आपलं..."

"शिंपी आहात?" राखणदाराचे डोळे चमकले. "मग तुमचं बरोबरच आहे. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आत्ता म्हणालात ना, गोणीचं तोंड? हा कोट ज्याच्या अंगात होता तो अगदी हेच म्हणाला होता. शिवताना सबंध वेळ माझी चेष्टा करत होता."

त्यानं बाकडं ओढलं, सगळ्यांना बसायला लावलं आणि शेगडीवरचा चहा ओतता ओतता सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कुठंही जड झाला नाही. पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेली हकिकत होती, पण त्याला अजून ती आवडत होती हे दिसत होतं.

लढाईच्या दिवसांत समोरच्या शिखरावर त्यांची चौकी. बारा माणसं, सगळी मराठी मुलखातली. त्यात हा, आणि याचा जोडीदार. जोडीदाराला सगळे 'गवई' म्हणायचे, कारण तो दिवसभर गायचा आणि एकही सूर जागेवर नसायचा. आठ दिवस बर्फ आणि तोफगोळे आलटून पालटून पडत होते. नवव्या सकाळी खालच्या तळाशी बोलायची टेलिफोनची तार तुटली. तार जोडली नाही, तर वरून काय येतंय ते खाली कळणार नाही, आणि खालून मदत निघणार नाही. कोणीतरी बाहेर जाऊन तार जोडून यायला हवी होती.

"गवयाच्या कोटाची बाही आदल्याच दिवशी गोळ्याच्या तुकड्यानं फाटलेली. आत वारं शिरलं असतं तर अर्ध्या तासात हात लाकूड झाला असता. म्हणून मी शिवायला बसलो. बुटाचा दोरा, आणि पोती शिवायचं दाभण. माझी बोटं तेव्हाच सुन्न झाली होती, दाभण टोचलं तरी कळत नव्हतं. तो म्हणतो, 'काय शिवतोस रे, गोणी आहे का? परत आलो की चांगला शिंपी गाठून हे सगळं उसवून घेणार.' मी म्हटलं, 'घे बाबा, आधी परत ये.'"

"मग आले?" चिमणीनं विचारलं.

"नाही बाळ. तार जोडली त्यानं. खाली निरोप पोचला, दोन दिवसांत मदत आली. आम्ही अकरा जण उतरलो." त्यानं कपाकडे पाहिलं. "तो तारेपाशीच सापडला. कोटाच्या चिंध्या झालेल्या. मागून तुम्ही बघितला नाहीत, पाठ सगळी गेलेली आहे. पण बाही तेवढी शाबूत होती. माझी शिवण सुटली नव्हती."

हे शेवटचं वाक्य मात्र त्यानं मास्तरांकडे बघून म्हटलं. कारागिरानं कारागिराला सांगावं तसं सांगितलं त्यानं. मास्तरांनी मान हलवली, आणि धाकट्यानंही हलवली.

चिमणी उठून कपाटापाशी गेली होती. शाळेत वाचायला शिकलेल्या मुलीपुढं पाटी आली की ती वाचलीच जाते. कोटाच्या पायाशी एक कार्ड होतं. ती मोठ्यानं वाचू लागली:

"'हा कोट घालून तुटलेली तार जोडायला गेलेला जवान परत आला नाही. तार जोडली गेली. चौकीवरचे अकरा जण जिवंत उतरले. त्या सकाळी तारेवर जायची पाळी त्याची नव्हती. माझी होती. सही, या दालनाचा राखणदार.'"



"बोटं चालत नव्हती ना तुमची," धाकटी हळूच म्हणाली. "तुमचा काय दोष?"

"दोष नाहीच म्हणत मी. पाळी माझी होती, एवढंच लिहिलंय. खरं ते लिहिलं. हे कार्ड रंगवणारा मला म्हणाला, शेवटचं वाक्य कशाला, लोक तुम्हालाच नावं ठेवतील. मी म्हटलं, ते वाक्य नसेल तर बाकीचं लिहूच नकोस. लोक वाचतात, माझ्याकडे बघतात. बघू देत. त्याच्या वाट्याचं त्याला मिळायला नको का?"

मास्तर कार्डाकडे बघत राहिले. अक्षरं त्यांना धूसर दिसत होती आणि या वेळी ते डोळ्यांमुळंच होतं असं नाही. हा माणूस एवढी मोठी गोष्ट पाटीवर लिहून रोज तिच्याशेजारी उभा राहतो, फडक्यानं तिची काच पुसतो. आणि आपल्याला पाव इंच सांगवला नाही. पाव इंच! दहा महिने तो गिळून आपण ताठ मानेनं हिंडतोय, सोमवारी त्याच्यावर भिंतसुद्धा बांधणार आहोत. मास्तरांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

राखणदारानं कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. "मास्तर, आता आलाच आहात तर एक काम कराल? खांद्यापाशी कापड विरतंय. दोऱ्याच्या ओढीनं फाटत चाललंय. वरच्या साहेबांना चार पत्रं लिहिली, कोणी आलं नाही. आणि त्याची इच्छाही होती, की चांगल्या शिंप्यानं उसवून नीट शिवावं. इतकी वर्षं मी कोणाला हात लावू दिला नाही. पण तुमची नजर पक्की दिसते. उसवा."

मास्तरांचा हात सवयीनं खिशात गेला. छोटी कात्री बाहेर आली. सगळे बघत होते. त्यांनी बाही हातात घेतली, पहिल्या गाठीखाली कात्रीचं टोक नेलं आणि तिथंच थांबले. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी टाक्यापुढं ती कात्री थांबली होती.

"नाही जमायचं," ते म्हणाले.

"का? कापड जुनं झालंय म्हणून?"

"या शिवणीत मला काही सुधारता येणार नाही. गवयाला सांगा, शिंपी आला होता, त्यानं बघितली आणि पसंत केली." "खालून आधार देऊ. आतून लोकरीची पट्टी घातली की ओढ पट्टीवर येईल. तुमचा एकही टाका हलणार नाही. असलीच जाड लोकर हवी मात्र."

"इथं कुठली?" राखणदार म्हणाला.

मास्तरांनी अंगातला कोट काढला. करड्या लोकरीचा, अकरा वर्षांपूर्वीचा, दोघा भावांनी मिळून केलेला. मास्तरांनी कापला, धाकट्यानं शिवला, आणि दुकानाची जाहिरात म्हणून मास्तर तो कायम अंगावर वागवत. त्यांनी खालची कड उलटून आत दुमडलेलं दोन इंच कापड दाखवलं.

"अहो, कोटाचं वाटोळं होईल!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"होऊ दे." त्यांनी कात्री धाकट्यापुढं धरली. "तूच उसव. तुझी शिवण आहे."

धाकट्यानं एकदा कात्रीकडे, एकदा दादाकडे पाहिलं. त्यानं दादाच्या हातातून ती कात्री या आधी कधीच घेतली नव्हती. मग तो खाली बसला आणि आपलेच टाके एकेक करून काढू लागला. मास्तरीणबाईंच्या पिशवीत सुई-दोरा होताच, शिंप्याच्या बायकोच्या पिशवीत तो नसेल तर काय असेल! मास्तरांनी सुई घेतली. दोरा ओवायला गेले. गेला बाजूनं. थुंकी लावून पुन्हा धरला. पुन्हा बाजूनं. तिसऱ्यांदा त्यांनी सुई उजेडाकडे नेली, मान तिरकी केली, श्वास रोखला, आणि दोरा सुईच्या एक बोट शेजारून अलगद निघून गेला.

धाकट्यानं सुई काढून घेतली आणि एका दमात ओवली.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"वर्ष होईल." मग मास्तरांनी आवाज चढवला. कॉलर त्यांनी चारचौघांत उसवली होती, तेव्हा हे कोपऱ्यात कुजबुजून भागणारं नव्हतं. "ऐका सगळ्यांनी. ताई, तूही ऐक. त्या लग्नाच्या कोटाची कॉलर याच्या हातून बिघडली नव्हती. माझं कटिंग चुकलं होतं. पाव इंच. मला रेघ दिसली नाही, आणि उसवताना ते कळलं तरी मी यालाच बोललो."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पाव इंच. शिवलं कोणी? हाताला लागलंच की कापड कमी आहे. ओढूनताणून बसवायला बघितलं, नाही बसलं."

मास्तर त्याच्याकडे वळले. "मग त्या वेळी बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाइकासमोर सांगू, की माझ्या दादाला आता दिसत नाही?" धाकट्यानं सुईवरची नजर काढली नाही. "वाटलं, घरी आल्यावर एक शब्द म्हणशील. वाट बघितली. मग मीही हट्टाला पेटलो. घाला म्हटलं भिंत."

मास्तर शेजारच्या बाकड्यावर बसले. त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "चुकलं माझं," ते म्हणाले. ताई एकदम भिंतीवरचे फोटो फार लक्षपूर्वक बघू लागली आणि चष्मा काढून पुसू लागली.

"आता काम करा, चहा निवतोय," राखणदार म्हणाला. त्यालाच काय ते खोलीत स्वच्छ दिसत असावं.

मग काम सुरू झालं. चिमणीनं टेपचं टोक धरलं. धाकटा मापं सांगू लागला आणि मास्तर त्या मापांवर कात्री चालवू लागले. "साडेसात लांब. दीड रुंद. दादा, ती रेघ नाही, तो घडीचा ठसा आहे." "कळतंय मला." "कळतंय तर अलीकडं ये." पट्टी निघाली. धाकट्यानं खांद्याशी अस्तर दोन बोटं उघडलं, पट्टी आत सरकवली, आणि काळ्या टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी इतके बारीक टाके घातले, की ते राखणदारालाही डोळे बारीक करून शोधावे लागले.

"इंचाला किती हे?" त्यानं विचारलं.

"चौदा," मास्तर अभिमानानं म्हणाले. "माझा भाऊ आहे."

राखणदारानं आपल्या तीन बोटांनी बाहीवरून हात फिरवला, एकदा वर, एकदा खाली. "गवई आता दुसरीच चेष्टा करेल," तो म्हणाला. "म्हणेल, तुझ्या गोणीला दोन दोन शिंपी लागले." आणि तो इतका मोकळा हसला की मास्तरांनाही पुन्हा हसता आलं. निघताना त्यांनी त्या कोटापुढं वाकून नमस्कार केला. मग राखणदारापुढं वाकायला गेले, तर त्यानं मध्येच दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाला, "कार्ड वाचलंत, पुष्कळ झालं."

गाडी निवली होती. ताईनं वहीचं पान काढलं, पण त्याआधीच चिमणीनं टोपली उचलून मागं नेली होती आणि तिच्या जागेवर धाकटा सरकला होता. उतारावर वळणागणिक दोघं एकमेकांच्या अंगावर कलंडत होते.

"कोट दे," धाकटा म्हणाला. "एका बाजूला दोन इंच लोंबतोय. घरी गेल्यावर सारखा करून देतो."

"राहू दे तसाच."

"दुकानात हा घालून बसणार? लोक विचारतील, मास्तर, कोटाला काय झालं?"

"विचारू देत. सांगेन. कोटाचं सांगेन, आणि लागलंच तर कॉलरचंही सांगेन."

खिंड संपली, मोबाइलला रेंज आली, आणि पहिला फोन गवंड्याचाच वाजला. त्याचा आवाज नेहमीप्रमाणे सगळ्या गाडीला ऐकू गेला. "मास्तर, सोमवारी आठ वाजता येतो. भिंत साडेचार इंची घालायची का नऊ इंची, तेवढं आज सांगा."

ताईनं आरशात पाहिलं.

"भिंत नको," मास्तर म्हणाले.

"अहो, विटा येऊन पडल्यात!"

"विटा परत ने. पण तू ये. छिन्नी-हातोडा घेऊन ये. खिडकी मोठी करायचीय."

"केवढी?"

"केवढी ते याला विचार. मला नीट दिसत नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन भावाच्या हातात दिला.

धाकट्यानं तो मान तिरकी करून खांद्याशी दाबून धरला आणि, गवंड्याला हे दिसणार नाही याचं काही भान न ठेवता, दोन्ही हात गाडीभर पसरून म्हणाला, "एवढी!"